उपेक्षित नायकाचा क्रीडापट : 'ग्रॅन टुरिस्मो', 'झुंड' आणि 'चंदू चॅम्पियन' यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

खेळ हा चित्रपटाचा जुना आणि लोकप्रिय विषय आहे. त्यातही ज्याच्या विजयाची कोणालाच अपेक्षा नाही अशा खेळाडूची कथा प्रेक्षकांना विशेष भावते. क्रीडाक्षेत्रात अशा खेळाडूसाठी 'अंडरडॉग' हा शब्द रूढ असून मराठी वृत्तपत्रांनीही तो स्वीकारला आहे. पैसा, घराणे, शरीरसंपदा, जात, भाषा, पूर्वानुभव यांपैकी कोणत्या ना कोणत्या बाबतीत तो प्रतिस्पर्ध्यापेक्षा मागे असतो. प्रस्तुत लेखात अशा खेळाडूसाठी 'उपेक्षित नायक' ही संज्ञा वापरली आहे.

2023 साली प्रदर्शित झालेला 'ग्रॅन टुरिस्मो' हा इंग्रजी चित्रपट या प्रकारातील एक वेगळे उदाहरण होय. घरात बसून व्हिडिओ गेम खेळणारा तरुण प्रत्यक्ष मोटार शर्यतीत उतरतो, ही त्याची सत्यघटनेवर आधारलेली कथा आहे. महाराष्ट्राच्या मातीतील दोन उपेक्षित नायककथाही अलीकडेच पडद्यावर आल्या. नागपूरच्या झोपडपट्टीतील फुटबॉलपटूंवरील 'झुंड' 2022 मध्ये, तर सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावरील 'चंदू चॅम्पियन' 2024 मध्ये प्रदर्शित झाला. या तीन चित्रपटांच्या आधारे उपेक्षित नायकाच्या क्रीडापटाची रचना समजावून घेणे आणि त्याचा खरा अडसर कोणता याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

क्रीडापटाची रूढ चौकट :

उपेक्षित नायकाच्या क्रीडापटाची एक ठरलेली चौकट आहे. आरंभी नायकाचा अपमान किंवा उपहास होतो. त्यानंतर एखादा गुरू भेटतो. हा गुरू बहुधा स्वतः अपयशी किंवा विस्मृतीत गेलेला असतो. पुढे खडतर सरावाचा भाग येतो, मध्येच एक मोठा आघात होतो आणि शेवटी अंतिम सामना रंगतो. 'रॉकी' (1976), 'लगान' (2001), 'चक दे इंडिया' (2007) आणि 'दंगल' (2016) या चित्रपटांचे विषय व काळ भिन्न असले तरी ही चौकट त्यांत कमीअधिक फरकाने आढळते.

या चौकटीचे सामर्थ्य उघड आहे. मैदानावर नियम सर्वांना सारखे असतात, या श्रद्धेवर ती उभी आहे. समाजात जो न्याय मिळत नाही तो मैदानात मिळतो, असे आश्वासन ती प्रेक्षकाला देते. तथापि तिची मर्यादाही याच श्रद्धेत दडलेली आहे. मैदानातील नियम समान असले तरी मैदानापर्यंत पोहोचण्याची वाट समान नसते. म्हणून अशा चित्रपटाचा विचार करताना 'नायक जिंकला का?' या प्रश्नाइतकाच 'त्याच्यासाठी दार कोणी उघडले, कोणत्या अटीवर उघडले आणि ते पुढे इतरांसाठी उघडे राहिले का?' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

'ग्रॅन टुरिस्मो' : प्रवेशाचे दार

'ग्रॅन टुरिस्मो' हे मूळचे एका व्हिडिओ गेमचे नाव आहे. जपानचे काझुनोरी यामाउची यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला हा खेळ प्लेस्टेशनसाठी डिसेंबर 1997 मध्ये प्रथम बाजारात आला. वळणावर गाडीचे वजन कसे सरकते, ब्रेक कोठे दाबावा, टायरची पकड केव्हा सुटते, अशा गोष्टींचे शक्य तितके यथार्थ अनुकरण करणे हे या खेळाचे वैशिष्ट्य होय.

2008 साली निस्सान ही मोटार कंपनी आणि सोनी यांनी 'जीटी अकादमी' हा उपक्रम सुरू केला. खेळातील सर्वांत वेगवान स्पर्धकांना निवडून त्यांना खऱ्या शर्यतीचे प्रशिक्षण द्यावे, अशी ही योजना होती. तिचा पहिला विजेता लुकास ऑर्दोनेझ हा स्पेनचा तरुण होता. 2011 साली सुमारे 90,000 स्पर्धकांतून यान मार्डनबरो हा 19 वर्षांचा ब्रिटिश तरुण विजेता ठरला. कार्डिफ येथे वाढलेल्या यानचे वडील व्यावसायिक फुटबॉलपटू होते. मोटार शर्यतीशी मात्र या घराचा संबंध नव्हता. नील ब्लोमकँप दिग्दर्शित चित्रपट याच तरुणावर आधारलेला असून त्याची भूमिका आर्ची मडेक्वे यांनी केली आहे. विशेष म्हणजे पडद्यावरील 'यान'ची गाडी धोक्याच्या दृश्यांत खुद्द यान मार्डनबरो यांनीच चालविली आहे.

या कथेचे महत्त्व जाणण्यासाठी मोटार शर्यतीचे अर्थकारण ध्यानात घ्यावे लागते. कुस्तीला लाल माती आणि कबड्डीला मोकळे पटांगण पुरते. मोटार शर्यतीत मात्र सरावाच्या प्रत्येक फेरीला इंधन, टायर, यंत्रज्ञ आणि धावपट्टीचे भाडे मोजावे लागते. बहुतेक व्यावसायिक चालक बालवयातच 'कार्टिंग' या छोट्या गाड्यांच्या शर्यतीपासून सुरुवात करतात आणि तेथूनच खर्चाला आरंभ होतो. त्यामुळे गुणवत्ता असूनही सामान्य घरातील मुलाला या खेळात उतरणे जवळजवळ अशक्य असते. व्हिडिओ गेमने या भिंतीला एक खिंडार पाडले. सरावाचा खर्च पुष्कळच खाली आला आणि गुणवत्तेचे मोजमाप सेकंदाच्या अंशात होऊ लागले. चालकाचे आडनाव वा त्याच्या वडिलांचे उत्पन्न त्या मोजमापात येत नाही. अर्थात खेळाचे यंत्र, पडदा आणि इंटरनेट यांनाही पैसे लागतातच. म्हणजे दार रुंद झाले, परंतु ते सर्वांसाठी उघडले असे म्हणता येत नाही.

सिम्युलेटर काय शिकवितो आणि काय शिकवू शकत नाही, हेही येथे पाहणे आवश्यक आहे. धावपट्टीचे पाठांतर, वळणाची योग्य रेषा, ब्रेकचा नेमका क्षण आणि दीर्घकाळ टिकणारी एकाग्रता या गोष्टी पडद्यासमोर आत्मसात होऊ शकतात. मात्र वळणावर मानेवर येणारा प्रचंड ताण, गाडीतील उष्णता, शरीराची झीज आणि मृत्यूची भीती यांचा अनुभव खोलीत बसून येत नाही. पडद्यावर अपघात झाला तर एक बटण दाबून शर्यत पुन्हा सुरू करता येते. खऱ्या धावपट्टीवर तशी सोय नसते. चित्रपटातील संघर्ष नेमका या फरकावर उभा आहे.

सत्य घटना आणि त्यांचा क्रम :

2013 च्या ल मॉं येथील 24 तासांच्या शर्यतीत मार्डनबरो, ऑर्दोनेझ आणि मायकेल क्रुम या तिघांच्या संघाला 'एलएमपी 2' या गटात तिसरे स्थान मिळाले. या शर्यतीत एकच गाडी तीन चालक आळीपाळीने चालवितात. चित्रपटाचा उत्कर्षबिंदू हीच शर्यत आहे. परंतु पडद्यावर यानचे सहकारी त्याच्याच अकादमीतील दोन नवखे तरुण दाखविले आहेत. वास्तवात क्रुम हा अनुभवी जर्मन चालक होता. अकादमीचा पहिला विजेता ऑर्दोनेझ तर कथेतून पूर्णपणे वगळला गेला आणि मार्डनबरो हाच पहिला मानकरी असल्याचा समज निर्माण झाला.

याहून गंभीर बदल अपघाताच्या बाबतीत झाला. मार्च 2015 मध्ये जर्मनीतील न्यूरबर्गरिंग येथे मार्डनबरो यांची गाडी हवेत उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. ही घटना ल मॉं येथील यशानंतर जवळपास दोन वर्षांनी घडली. चित्रपटात मात्र ती ल मॉंच्या आधी येते. 'आघात आणि त्यानंतरचा विजय' ही रूढ चौकट पूर्ण व्हावी म्हणून घटनाक्रम उलटा करण्यात आला, हे उघड आहे. प्रदर्शनानंतर या बदलावर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. चरित्रपटाला तपशील गाळण्याचे, पात्रे एकत्र करण्याचे स्वातंत्र्य असते, हे मान्यच आहे. परंतु एका व्यक्तीचा खराखुरा मृत्यू दुसऱ्याच्या यशाची पायरी म्हणून वापरणे, हे त्या स्वातंत्र्याच्या पलीकडचे आहे. नायकाचे मूळ नाव कायम ठेवले की घटनांच्या क्रमाशी प्रामाणिक राहण्याची जबाबदारीही वाढते.

'झुंड' : कागदाचे दार

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळविण्याचे कार्य सुरू केले. त्यातून 'स्लम सॉकर' ही चळवळ उभी राहिली. या कार्यावरून प्रेरणा घेऊन नागराज मंजुळे यांनी 'झुंड' हा चित्रपट केला. 'फँड्री' आणि 'सैराट' या मराठी चित्रपटांनंतरचा हा त्यांचा पहिला हिंदी चित्रपट होय. अमिताभ बच्चन यांनी साकारलेल्या शिक्षकाचे नाव येथे विजय बोराडे असे आहे. नाव बदलल्यामुळे दिग्दर्शकाला कल्पनेचे स्वातंत्र्य मिळाले आणि प्रेक्षकाचीही दिशाभूल झाली नाही. 'ग्रॅन टुरिस्मो'च्या तुलनेत ही बाब नोंद घेण्यासारखी आहे.

'झुंड'ची रचना रूढ चौकटीला छेद देणारी आहे. झोपडपट्टीतील मुलांचा संघ आणि भिंतीपलीकडील महाविद्यालयाचा संघ यांच्यातील सामना हा एखाद्या सामान्य क्रीडापटाचा शेवट ठरला असता. येथे तो मध्यंतराच्या सुमारासच होतो आणि झोपडपट्टीचा संघ जिंकतो. विजयाचा जल्लोष संपल्यावर खरी कथा सुरू होते. मुलांना बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेसाठी परदेशी जायचे असते आणि त्यासाठी पासपोर्ट हवा असतो. पासपोर्टसाठी जन्माचा, निवासाचा, ओळखीचा पुरावा हवा. रिंकू राजगुरू यांनी साकारलेली आदिवासी तरुणी आपण कोण आहोत हे सिद्ध करणाऱ्या एका कागदासाठी वडिलांसह वणवण करते. अंकुश गेडाम यांनी रंगविलेला 'डॉन' हा तरुण पोलीस आणि न्यायालय यांच्या फेऱ्यात अडकतो. मैदानावर गोल करणे सोपे, परंतु कार्यालयाच्या खिडकीवर स्वतःचे अस्तित्व सिद्ध करणे कठीण, असा या उत्तरार्धाचा आशय आहे.

कागदाची ही सत्ता मराठी मनाला अपरिचित नाही. परंपरेनुसार आळंदीच्या निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई या भावंडांना शुद्धिपत्र मिळविण्यासाठी पैठणच्या धर्मसभेपुढे उभे राहावे लागले होते. गोदाकाठी रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा याच प्रसंगाशी जोडलेली आहे. त्या कथेतील चमत्कार सर्वांच्या स्मरणात राहिला. पण तो घडण्याचे कारण एक कागद होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. ज्ञान अंगी असूनही समाजात उभे राहण्यासाठी अन्य कोणाचे प्रमाणपत्र लागावे, हे त्या कथेतील दुःख आहे. 'झुंड'मधील मुलांच्या अंगी कौशल्य आहे, विजयही त्यांच्या पदरी आहे, तरीही त्यांना दारात थांबविले जाते ते कागदासाठीच. दोन्ही प्रसंगांत शतकांचे अंतर आहे, प्रश्नाचे स्वरूप मात्र जवळचे आहे.

बेघरांचा विश्वचषक ही खरीखुरी स्पर्धा असून ती 2003 मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे प्रथम भरली. तीत प्रत्येक संघाचे चार खेळाडू मैदानात असतात आणि सात-सात मिनिटांच्या दोन डावांत सामना संपतो. एका खेळाडूला आयुष्यात एकदाच या स्पर्धेत भाग घेता येतो. संधी अधिकाधिक जणांपर्यंत पोहोचावी, हा या नियमाचा हेतू आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे चित्रपटातील पासपोर्टची निकड अधिक तीव्रतेने जाणवते. चित्रपटाच्या अखेरीस विमानतळावरील तपासणीत डॉनच्या खिशातून ब्लेड निघते आणि ते मागे टाकूनच त्याला पुढे जाता येते. विमान झोपडपट्टीवरून उडते. स्पर्धेत काय झाले हे चित्रपट सांगत नाही, कारण दार ओलांडणे हाच येथील विजय आहे.

शीर्षकही विचारपूर्वक निवडलेले आहे. 'झुंड' म्हणजे कळप, जमाव. रूढ क्रीडापटात जमावातून एक नायक वेगळा निघतो. येथे जमाव हाच नायक असून त्याचे 'संघ' होणे ही कथा आहे. चित्रपटासाठी निवडलेली अनेक मुले यापूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली नव्हती. त्यांपैकी अंकुश गेडाम यांना पुढे पदार्पणासाठीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. म्हणजे पडद्यावर जे दार उघडताना दिसते, तसे एक दार चित्रपटाने प्रत्यक्षातही उघडले.

'चंदू चॅम्पियन' : मान्यतेचे दार

तिसरी कथा एका खेळातून दुसऱ्या खेळात गेलेल्या खेळाडूची आहे. या अर्थाने ती 'ग्रॅन टुरिस्मो'शी नाते सांगते. मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे होते. 1965 च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि अपंगत्व आले. त्यानंतर ते जलतरणाकडे वळले. 1972 साली हायडलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत 50 मीटर मुक्त शैली जलतरणात त्यांनी 37.33 सेकंदांत सुवर्णपदक पटकाविले. ते भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक होय. कबीर खान दिग्दर्शित चित्रपटात त्यांची भूमिका कार्तिक आर्यन यांनी केली आहे.

येथे विजय मिळतो, परंतु त्याची नोंद समाज घेत नाही. म्हणूनच चित्रपटातील वृद्ध नायक अर्जुन पुरस्कार न मिळाल्याची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जातो. प्रत्यक्षात पेटकर यांना 2018 साली पद्मश्री आणि जानेवारी 2025 मध्ये जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार प्रदान झाला. सुवर्णपदक आणि हा पुरस्कार यांत 52 वर्षांचे अंतर आहे.

याच चित्रपटात बालनायकाला प्रेरणा देणारे खाशाबा जाधव यांचे उदाहरण याहून बोलके आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले, असे सांगितले जाते. 1984 मध्ये जाधव यांचे अपघाती निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. एका महाविद्यालयाच्या प्राचार्याने जे दार स्वतःच्या घराच्या किमतीवर उघडले, त्याच्या पलीकडचे मान्यतेचे दार मात्र खेळाडूच्या हयातीत उघडले नाही.

तुलनात्मक विवेचन :

तिन्ही चित्रपटांत नायकाचा प्रतिस्पर्धी मैदानावर दिसतो, पण खरा अडसर मैदानाबाहेर असतो. 'ग्रॅन टुरिस्मो'त तो खेळाच्या आरंभी आहे. त्याचे स्वरूप आर्थिक असून तंत्रज्ञान व एक व्यापारी योजना तो दूर करते. 'झुंड'मध्ये तो मध्यावर आहे. त्याचे स्वरूप सामाजिक व प्रशासकीय असून एका शिक्षकाची चिकाटी तो दूर करते. 'चंदू चॅम्पियन'मध्ये तो विजयानंतर उभा राहतो. त्याचे नाव विस्मरण असे आहे आणि तो दूर होण्यास अर्धशतक लागते.

दार उघडणाऱ्यांचे हेतूही भिन्न आहेत. निस्सान आणि सोनी यांना आपल्या मालाची प्रसिद्धी हवी होती. 2014 मध्ये भारतीय स्पर्धकांपर्यंतही पोहोचलेली ही अकादमी 2016 नंतर बंद झाली आणि त्या वाटेने येऊ पाहणाऱ्यांसाठी ते दारही मिटले. व्यापारी हेतूने उघडलेले दार हिशेब संपताच बंद होते, हे यावरून दिसते. याउलट बारसे यांनी सुरू केलेले कार्य दोन दशकांनंतरही टिकून राहिले, कारण ते एका विजेत्याच्या शोधापुरते मर्यादित नव्हते.

हा विचार आजच्या महाविद्यालयांसाठीही महत्त्वाचा आहे. मराठवाड्यातील गावोगावी विद्यार्थ्यांच्या हाती मोबाईल असून त्यावरील खेळांत ते रमलेले दिसतात. 'ग्रॅन टुरिस्मो' पाहून व्हिडिओ गेम म्हणजे यशाची किल्ली, असा निष्कर्ष कोणी काढू नये. 90,000 स्पर्धकांतून एकाची निवड झाली आणि त्यालाही पुढे कठोर शारीरिक प्रशिक्षण घ्यावे लागले. दुसरीकडे, असा प्रत्येक खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, हे मतही एकांगी ठरते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे खेळ आणि ई-क्रीडा यांत स्पष्ट भेद केला आहे. कौशल्य कोठे आहे आणि व्यसन कोठे आहे, हा भेद घरात व महाविद्यालयातही करता आला पाहिजे.

निष्कर्ष :

1. उपेक्षित नायकाच्या क्रीडापटाचे मर्म अंतिम सामन्यापेक्षा मैदानापर्यंतच्या वाटेत असते. ही वाट जो चित्रपट प्रामाणिकपणे दाखवितो, तो अधिक टिकाऊ ठरतो.

2. तंत्रज्ञानामुळे गुणवत्तेचे मोजमाप निःपक्षपाती होऊ शकते; परंतु निवडीनंतरचा खर्च, प्रशिक्षण आणि आधार यांची व्यवस्था नसेल तर त्या मोजमापाचा लाभ मोजक्यांनाच मिळतो.

3. सत्यकथेवरील चित्रपटाने रूढ चौकटीसाठी घटनाक्रम बदलताना, विशेषतः मृत्यूसारख्या प्रसंगी, संयम पाळणे आवश्यक आहे. नाव बदलून कल्पनेचे स्वातंत्र्य घेणे हा 'झुंड'चा मार्ग अधिक निकोप आहे.

4. खेळाडूला प्रवेश, कागदपत्रे आणि मान्यता या तिन्ही दारांवर साहाय्य लागते. यांपैकी पहिल्या दोन दारांवर महाविद्यालयातील शिक्षक प्रत्यक्ष उपयोगी पडू शकतो. विजय बारसे आणि प्राचार्य खर्डेकर यांची उदाहरणे हेच सांगतात.

5. विद्यार्थ्याच्या जन्माचा दाखला, जातीचा दाखला आणि पासपोर्ट यांची पूर्तता वेळेत करून देणे हे वरवर किरकोळ वाटणारे काम आहे. तथापि क्रीडाविभागाच्या कार्यात त्याला सरावाइतकेच स्थान मिळाले पाहिजे. अन्यथा मैदान जिंकलेला संघ खिडकीवर हरेल.